कॅलिपर रंगकाम (घरगुती)

मोटारीच्या डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी तबकडी (डिस्क) घर्षणाच्या पट्ट्यांनी (पॅड) दोन बाजूंनी चिमटणाऱ्या कॅलिपर या भागाला चाक उतरवून घरच्या घरी रंग देण्याची पद्धत. ठाणे व नवी मुंबईत अलॉय चाकांच्या आऱ्यांमधून लाल, पिवळे, क्वचित निळे कॅलिपर आता सर्रास दिसतात. रंगाने ब्रेकची पकड वाढत नाही. शोभा आणि गंजापासून संरक्षण हे त्याचे दोन उपयोग असून, खाडीकाठच्या या दोन शहरांत दुसरा उपयोग पहिल्याहून कमी महत्त्वाचा मानू नये.

संज्ञा : मराठी वाचकाला हा शब्द बहुधा शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपरमुळे आधी भेटलेला असतो. वस्तू दोन बाजूंनी चिमटीत धरणे हा भाव दोन्हीकडे समान आहे. मूळ इंग्रजी शब्द ‘कॅलिबर’चेच रूपांतर समजला जातो व सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतो. ‘कॅलिबर’ची व्युत्पत्ती काहींनी लॅटिनमधून लावली आहे, मात्र अरबी ‘कालिब’ (साचा) हे मूळ अधिक ग्राह्य वाटते, कारण ओतकाम व नळीचा व्यास यांच्याशी त्याचा सरळ संबंध लागतो. मराठी प्रतिशब्द रूढ नाही. गॅरेजमध्येही कॅलिपरच म्हणतात.

इतिहास : डिस्क ब्रेकचे पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. विक्रीच्या मोटारीत तो प्रथम कोणी बसवला याविषयी मतभेद आहेत. १९४९ च्या सुमारास अमेरिकेत क्रायस्लर व क्रॉस्ली या दोन मोटार कंपन्यांनी तो दिला. परंतु क्रायस्लरच्या रचनेत दोन तबकड्या बंद कवचाच्या आतील पृष्ठभागांवर दाबल्या जात. फिरती तबकडी बाहेरून चिमटणारा कॅलिपर त्यात नव्हता. त्यामुळे कॅलिपरच्या इतिहासापुरता क्रॉस्लीचा दावा उजवा ठरतो. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने क्रॉस्लीचे ब्रेक गंजून अडकू लागले आणि ते लवकरच मागे घ्यावे लागले. म्हणजे कॅलिपर आणि खार यांचे वैर आरंभापासूनचे आहे. पुढे १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मान्सची मोटारशर्यत जग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली आणि १९५५ च्या सिट्रोएन डीएस या मोटारीने ही रचना मोठ्या उत्पादनात आणली.

रंगाची प्रथा कोठून आली याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार ती शर्यतींतून आली : इटलीत बेर्गामोजवळ १९६१ मध्ये स्थापन झालेली ब्रेम्बो ही कंपनी १९७५ पासून फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांना ब्रेक पुरवू लागली, आणि तिचे लाल कॅलिपर पुढे वेगाचे चिन्ह ठरले. दुसरे मत चाकाकडे बोट दाखवते : पत्र्याच्या चाकामागे व व्हील कॅपखाली कॅलिपर दिसतच नसे, अलॉय चाकांचे आरे मोकळे झाले, तेव्हा तो रंगवण्याजोगा झाला. शर्यतीने रंग सुचवला असेल, पण प्रथा रुजण्याचे कारण दुसऱ्या मतात अधिक सापडते. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला तर कॅलिपर नसलेले ड्रम ब्रेक होते. तिच्या जमान्यात इकडे असा शौक निघण्याचा प्रश्नच नव्हता.

काही कारखाने रंगातून माहितीही देतात. पोर्शमध्ये पिवळा कॅलिपर सिरॅमिक डिस्कची खूण असतो, तर हिरवट पिवळा हायब्रीड गाडीची. घरी दिलेल्या पिवळ्याला असा अर्थ नसतो.

उष्णता आणि रंगाची निवड : रंगाच्या डब्यावर ५०० ते ६५० अंश सेल्सिअस असे आकडे छापलेले असतात व गिऱ्हाईक त्यांवर भाळते. घाटात डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते हे खरे. परंतु कॅलिपरच्या पोटात ब्रेक ऑइल असते. डॉट ४ या प्रमाणित प्रतीच्या ताज्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश, तर ओलावा शोषलेल्या ऑइलचा १५५ अंश सेल्सिअस धरतात. कॅलिपर याहून फार तापून राहिला तर ऑइल उकळून ब्रेकच निकामी होईल. रंगाची चिंता तेव्हा गौण ठरते. खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या गाडीलाही हे लागू आहे. तेव्हा रंगाची खरी परीक्षा रसायनांशी व खाऱ्या ओलाव्याशी असते. ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल बहुतेक रंग सोलून काढते. उष्णतारोधक स्प्रे बहुधा सिलिकोनयुक्त असतात. ते तासाभरात वाळतात, पण तापवल्याखेरीज पुरते पक्के होत नाहीत. ब्लीडिंग निपलच्या (ब्रेक ऑइलमधील हवा काढण्याच्या तोटीच्या) बुडाशी ऑइलचा एक थेंब राहिला तर तेथला रंग आधी मऊ होतो, मग सुरकुततो, आणि पुढच्या धुण्यात नखाएवढा पोपडा निघून खालचे काळे बीड दिसते. दोन घटकांचा, हार्डनर मिसळून ब्रशने लावायचा इपॉक्सी रंग खोलीच्या तापमानातच पक्का होतो; घरगुती कामासाठी तोच बरा. पावडर कोटिंग सर्वांत टिकाऊ. ठाण्याच्या वागळे इस्टेट व ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यात ते करून मिळते, पण भट्टीचे तापमान २०० अंशांच्या घरात असल्याने आधी पिस्टन (पॅड दाबणारा दट्ट्या), सील व रबरी बूट (पिस्टनवरचे धूळरोधक आवरण) काढावे लागतात. ते घरचे काम नव्हे.

कृती : चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करतात. उचललेली गाडी जॅकस्टँडवर (पक्क्या लोखंडी टेकूवर) टेकवावी; नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालू नये. पॅडची काळी धूळ फुंकून वा हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने काढल्यावर ब्रेक क्लीनर मारतात. येथे रॉकेल वा पेट्रोल वापरण्याची खोड जुनी आहे, ती सोडावी : पिस्टनचे सील व बूट ज्या ईपीडीएम रबराचे असतात, ते खनिज तेलाने फुगते. पांढऱ्या सुती चिंधीवर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत पुसत राहावे. बहुतेक फसलेले रंग याच टप्प्याला कंटाळल्याने फसलेले असतात.

बूट, निपल, सरकत्या पिना, पॅड टेकण्याच्या जागा व डिस्क यांवर मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र लावून दोन-तीन पातळ हात देतात. पिनेवर रंग गेल्यास कॅलिपर सरकत नाही व पॅड एका बाजूने झिजतो. वाळवण्याला निदान एक रात्र द्यावी. पिस्टन मागे दाबला असल्यास गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून घेणे अनिवार्य आहे.

हंगाम व जागा : ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर दमट हवेत रंग धरत नाही, म्हणून पाऊस सरल्यावर, जमल्यास दसऱ्याच्या गाडीपूजेआधी, काम उरकावे. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये सावली मिळते, परंतु स्प्रेचे कण शेजारच्या गाडीवर बसतात. तेथे ब्रशच योग्य.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांस मनाई करते. नोंदणीपत्रावर रंग असतो तो गाडीच्या बॉडीचा. कॅलिपरच्या रंगाचा रकाना एमएच-०४ (ठाणे) वा एमएच-४३ (नवी मुंबई), कोणत्याही नोंदणीत नसतो.