स्वयंचलन व समाजवादी श्रमविचार (खानदेश)

यंत्र चालू होणे, चूक ओळखणे व थांबणे या क्रिया माणसाच्या हाताशिवाय घडू लागल्या म्हणजे त्यास स्वयंचलन म्हणतात. वाचलेल्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरात पडावे, हा त्यातून निघणारा प्रश्न समाजवादी विचारात मध्यवर्ती आहे. प्रस्तुत नोंद जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांपुरती, त्यातही मुख्यतः कापसाविषयी आहे.

संज्ञा : मराठीत ‘यंत्रीकरण’ व ‘स्वयंचलन’ हे शब्द सरमिसळ वापरले जातात. ‘ऑटोमेशन’ या मूळ शब्दाच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. फोर्ड कंपनीतील अधिकारी डेल्मर हार्डर यांनी तो 1946-47च्या सुमारास रूढ केला, असे बहुतेक ठिकाणी म्हटलेले आढळते. अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ जॉन डीबोल्ड यांनाही ते श्रेय दिले जाते. डीबोल्ड यांचा ग्रंथ 1952चा असल्याने शब्द हार्डर यांचा व आशयाचा विस्तार डीबोल्ड यांचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. वस्तू मात्र शब्दाहून जुनी आहे. कांडीतले सूत संपताच नवी कांडी आपोआप भरणारा नॉर्थ्रॉप माग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच अमेरिकेत विक्रीस आला होता.

रेचा : खानदेशात श्रमबचतीचा पहिला मोठा अनुभव मागाचा नसून रेच्याचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचा होय. हातरेच्यात दोन रुळांमधून कापूस ओढून सरकी मागे ठेवत. अमेरिकी यादवी युद्धामुळे (1861–65) कापसाचे भाव चढले, त्याच दशकात रेल्वे आली आणि वाफेवरील रेचे किफायतशीर ठरू लागले. दातेरी करवतीचा रेचा वेगवान खरा. पण आखूड धाग्याच्या देशी कापसाचे तंतू त्याने तुटत. म्हणून मॅकार्थी पद्धतीचा रुळाचा रेचा (अमेरिका, 1840) पुढे टिकला. त्यात चामड्याने मढवलेल्या रुळाला तंतू चिकटून आत ओढले जातात, रुळाला टेकलेली पट्टी सरकी अडवते व दुसरी पट्टी वरखाली ठोके देऊन ती सोडवते. सरकी वेगळी करण्याचे काम असे यंत्राकडे गेले, तरी रेच्यात कापूस भरणे, रुई उचलणे व सरकी वाहणे ही कामे माणसांकडे, बव्हंशी स्त्रियांकडेच राहिली. म्हणजे हे यंत्रीकरण होते, स्वयंचलन नव्हे. हवेच्या झोताने कापूस ओढून आपोआप भरणी करणाऱ्या जिनिंग (सरकी काढण्याच्या) कारखान्यांचा प्रसार प्रामुख्याने 2000 मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानानंतरचा. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायकांचे काम यात घटले. गिरणी कामगारांच्या मानाने त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे ते फारच थोडे.

गिरण्या व चळवळ : जळगावची कापडगिरणी 1870च्या दशकातील, तर अमळनेरची प्रताप मिल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील. मुंबईत एका विणकराकडे दोन साचे (माग) हा प्रघात होता. दोनाऐवजी तीन साचे देण्याच्या योजना हे 1928च्या मोठ्या संपाचे एक प्रमुख कारण ठरले. यंत्र तेच, माणसे कमी, असा हा प्रकार होता. खानदेशातील कामगारलढ्यांमध्ये साने गुरुजींचा सहभाग सर्वश्रुत आहे. 1938 मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचाही येथे जोर होता. 1946 मध्ये अमळनेरात कामगारांवर गोळीबार झाला. त्याचा संबंध थेट यंत्रांशी जोडणे मात्र धाडसाचे ठरेल.

वैचारिक बाजू : यंत्रामुळे कामगारांचे अहित होऊ शकते, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी 1821 मध्येच मान्य केले होते. मार्क्सने 1857-58च्या टिपणांत, संपत्तीचे माप श्रमवेळ न राहता मोकळा वेळ होईल, असे सुचवले. ही टिपणे 1939–41 मध्ये मॉस्कोत प्रथम छापली गेली. तेव्हा अमळनेर-धुळ्याच्या तत्कालीन कार्यकर्त्यांच्या मागण्यांत त्यांचे मूळ शोधणे व्यर्थ होय. त्यांच्या कानावर अधिक पडलेला विचार गांधीजींचा असणार : विरोध यंत्राला नसून यंत्राच्या हव्यासाला (1924). शिवणयंत्राला त्यांनी अपवाद मानले होते. डिसेंबर 1936 मध्ये जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनात हे दोन्ही प्रवाह एकाच मांडवात आले. एकीकडे खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन, दुसरीकडे समाजवादाचा उघड पुरस्कार करणारे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू.

स्वातंत्र्योत्तर काळ : 1957च्या भारतीय श्रम परिषदेने आधुनिकीकरणासाठी नमुना करार सुचवला. कपात नको, कामाचा भार मोजून ठरवावा व लाभात कामगाराचा वाटा असावा, ही त्यातील मुख्य सूत्रे होत. चाळीसगाव व धुळे येथील गिरण्या पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. मालकी सरकारी झाली, पण साचे जुनेच राहिले. सहकारी सूतगिरण्या शिरपूर, शहादा व धुळे परिसरात निघाल्या. त्यांत सभासद शेतकरी मालक असतो, चात्यांवरचा (सूत कातण्याच्या यंत्रावरचा) कामगार नव्हे. मालकी कोणाची, या समाजवादी प्रश्नाला सहकाराने दिलेले हे उत्तर अर्धेच म्हणावे लागते.

शेती : केळीच्या बागांत ठिबक सिंचन आल्यावर रात्री बारे देण्याचे (बागेला पाणी सोडण्याचे) काम बरेच ओसरले. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वर्षाच्या बोलीवर ठरणारा सालदार हा येथील जुना श्रमसंबंध. शहादा भागात 1970च्या दशकात श्रमिक संघटनेने आदिवासी सालदार व मजुरांना संघटित केले. मागण्या मजुरी, जमीन व वागणुकीच्या होत्या. कापूस वेचणीचे यंत्र मात्र येथे रुजलेले नाही. लहान तुकडे, बोंडे टप्प्याटप्प्याने फुटणे व यंत्रातून कापसात येणारा पालापाचोळा ही त्याची कारणे सांगतात. वेचणी अजून हातानेच होते व मजुरी किलोवर ठरते.