‘रॉकमन’ आणि ‘मेगा मॅन’: कार्ट्रिज निवडण्यापूर्वी

आम्ही जुनी गेम कार्ट्रिज तपासून, स्वच्छ करून विकतो. या मालिकेबद्दल ग्राहक आम्हाला दोन गोष्टी हमखास विचारतात: ‘रॉकमन’ आणि ‘मेगा मॅन’ हे वेगळे गेम आहेत का, आणि सुरुवात कोणत्या भागापासून करावी?

गेम एकच आहे. ओसाका येथील कॅपकॉम कंपनीने 17 डिसेंबर 1987 रोजी जपानमध्ये फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती गेम कन्सोलसाठी ‘रॉकमन’ प्रकाशित केला. नायक रॉक आणि त्याची बहीण रोल यांची नावे मिळून ‘रॉक अँड रोल’ होते. अमेरिकेत हे नाव बदलून ‘मेगा मॅन’ करण्यात आले. मात्र जपानी कार्ट्रिजला 60 पिना असतात आणि एनईएसच्या (फॅमिकॉमच्या अमेरिकी आवृत्तीच्या) कार्ट्रिजला 72, त्यामुळे एकाचे कार्ट्रिज दुसऱ्याच्या कन्सोलमध्ये बसत नाही. मागणी नोंदवताना आपला कन्सोल कोणता, हे कृपया आवर्जून कळवावे.

आकिरा कितामुरा यांच्या दिग्दर्शनाखाली एका लहानशा चमूने घडवलेल्या पहिल्या गेमची मांडणी पुढे सगळ्या मालिकेचा कणा ठरली. सहा बॉसपैकी (टप्प्याच्या शेवटी भेटणाऱ्या मुख्य शत्रूंपैकी) कोणाशीही आधी लढता येते, आणि जो हरतो त्याचे शस्त्र आपल्याला मिळते. ही शस्त्रे एकमेकांवर मात करणारे वर्तुळच आहेत: कट मॅनच्या कात्रीपुढे इलेक मॅन टिकत नाही, त्याच्या विजेपुढे आइस मॅन, बर्फापुढे फायर मॅन, आगीपुढे बॉम्ब मॅन, बॉम्बपुढे गट्स मॅन, आणि गट्स मॅनच्या बाहुबळापुढे पुन्हा कट मॅन. कट मॅनच्या खोलीत दोन ठोकळे ठेवलेले असतात. गट्स मॅनला आधी हरवले असेल तर तेच उचलून कट मॅनवर फेकता येतात, आणि खेळाडूने लढतीचा क्रम स्वतः शोधून काढावा हा रचनाकारांचा हेतू तिथे स्पष्ट होतो. या भागात प्रगती साठवण्याची सोय नाही. एका बैठकीतच तो पूर्ण करावा लागतो.

ही उणीव 24 डिसेंबर 1988 रोजी आलेल्या दुसऱ्या भागाने दूर केली, आणि नव्या खेळाडूने याच भागापासून सुरुवात करावी असे आमचे ठाम मत आहे. बॉस आठ झाले आणि जीवनशक्ती पूर्ण भरून देणारी ‘ई टँक’ आली. खेळ पुढे तिथूनच सुरू करण्यासाठी पासवर्ड मिळतो. हा पासवर्ड म्हणजे अक्षरे नसून 25 चौकोनांच्या जाळीत मांडलेले नऊ लाल ठिपके आहेत: एक ठिपका साठवलेल्या ई टँकची संख्या सांगतो, आणि उरलेल्या आठांपैकी प्रत्येक ठिपका एकेक बॉस हरला आहे की नाही हे दाखवतो. अमेरिकी आवृत्तीत सोपी पातळीही निवडता येते. जपानी आवृत्ती तिथल्या कठीण पातळीइतकीच अवघड आहे.

तिसऱ्या भागाने (1990) घसरत जाण्याची हालचाल आणि रश नावाचा यंत्रकुत्रा दिला, चौथ्याने (1991) बटण दाबून धरून सोडायचा जोरदार मारा दिला. पाचवा (1992) आणि सहावा (1993) हे नेटके आहेत, पण त्यांत नवे फारसे नाही.

डिसेंबर 1993 मध्ये फॅमिकॉमनंतरच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर ‘मेगा मॅन एक्स’ आला आणि भिंतीला धरून वर चढणे शक्य झाले. ज्यांना वेगवान खेळ आवडतो त्यांना आम्ही हाच सुचवतो. मूळ मालिका सातव्या (1995) आणि आठव्या (1996) भागानंतर थांबली. 2008 मध्ये आलेला नववा भाग मुद्दाम फॅमिकॉमच्या धाटणीत बनवला गेला; त्यातून घसरणे आणि दाबून धरायचा मारा दोन्ही काढून टाकले होते. हा निर्णय आम्हाला फार धाडसाचा वाटतो. दहावा 2010 मध्ये आणि अकरावा 2018 मध्ये आला. हे अलीकडचे भाग कार्ट्रिजच्या जुन्या कन्सोलवर चालत नाहीत.

पहिल्या सहा भागांच्या कार्ट्रिजमध्ये प्रगती साठवणारी बॅटरी नसते, म्हणून ती संपण्याची भीती नाही. ठिपक्यांची जाळी मात्र कागदावर उतरवून ठेवावी. गेम सुरू झाला नाही तर पिनांवर फुंकर मारू नये, कारण श्वासातील ओलाव्याने त्या गंजतात. कापसाच्या काडीला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना हलक्या हाताने पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच कार्ट्रिज पुन्हा बसवावे.