खरडपट्टी

खरडपट्टी (स्त्रीलिंगी नाम) : चुकीबद्दल एखाद्याला अत्यंत कडक शब्दांत, सविस्तर बोलणे. मराठीत खरडपट्टी 'काढतात'. बोलणी ज्याच्या वाट्याला येतात तो षष्ठीत येतो : 'साहेबांनी दोघांचीही खरडपट्टी काढली'. माणसे कितीही असोत, शब्द बहुधा एकवचनीच राहतो.

मुळाशी 'खरडणे' ही क्रिया आहे. भांड्याच्या बुडाला धरलेले खरडून काढताना हाताला जो जोर लावावा लागतो, तोच या अर्थात उतरला आहे. म्हणून रागाच्या भरात निघून गेलेला एखादा शब्द म्हणजे खरडपट्टी नव्हे. ती थोडा वेळ चालते, आणि तिच्यात आजच्या चुकीबरोबर मागच्याही निघतात.

कानउघाडणी त्यामानाने सौम्य. समोरच्याने सुधारावे ही इच्छा तिच्यात उघड असते. न्यायालय ताशेरे ओढते. पाणउतारा चारचौघांत होतो आणि त्याला दोष लागतोच असे नाही. शिवीगाळीला तर काहीच लागत नाही. खरडपट्टीला मात्र खरी चूक हवी. माझ्या मते हीच तिची ओळख. रोजच्या बोलण्यात 'झापणे' हे क्रियापद तिचे बरेचसे काम करते.

अधिकाराची उतरंडही तिला लागते. आई मुलाची, मुख्याध्यापक शिक्षकांची, मंत्री अधिकाऱ्यांची खरडपट्टी काढतात. धाकट्याने थोरल्याला तसेच सुनावले, तर घरात त्याला 'उलट बोलणे' म्हणतात.

ही उतरंड लेखणीने मोडली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी 1848 पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात लिहिलेल्या शतपत्रांत आपल्याच समाजाची खरडपट्टी काढली. स्वतः ब्राह्मण असूनही, अर्थ न कळता केवळ पाठांतर करणाऱ्या भटांना त्यांनी सोडले नाही. पुढे 1897 मध्ये, पुण्यातील प्लेग आणि रँडच्या हत्येनंतर, टिळकांच्या 'केसरी'ने थेट विचारले : 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' प्रजेने राज्यकर्त्याला असे फटकारणे हा त्या काळी मोठा धाडसाचा प्रकार होता.

आजच्या मथळ्यांत हा शब्द सैल झाला आहे. आढावा बैठकीत मंत्र्यांचा आवाज चढला, की 'अधिकाऱ्यांची खरडपट्टी' छापून येते. कोणती चूक दाखवली हे बातमीत सापडत नसेल, तर तिथे 'नाराजी व्यक्त केली' एवढेच लिहावे.