अळूवडीसारखं कापायचं फूल : पॉलिमर क्लेची मिलेफिओरी शिकताना

दुकानातल्या बरणीत ठेवलेले फुलांचे मणी पाहून बहुतेक जण विचारतात, "एवढं बारीक रंगवता कशाने?" आम्ही ते रंगवतच नाही. अळूवडीचा उंडा बाहेरून नुसता हिरवा दिसतो, कापला की आतली वळणं दिसतात. (बडोद्यात पात्रा म्हणा, फरक नाही.) मिलेफिओरीही तशीच. रंगीत क्लेच्या कांड्या आणि पट्ट्या रचून एक जाड कांडी करायची, ती दाबून बारीक करायची आणि चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीत तेच फूल.

शब्द इटालियन आहे, अर्थ 'हजार फुलं'. मूळ काम काचेचं. रोमन काळातही रंगीत काचेच्या कांड्यांचे काप जोडून भांडी करत, पुढे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाचं नाव या कामाशी जोडलं गेलं. काचेला भट्टी हवी, पॉलिमर क्लेला घरातला ओटीजी पुरतो.

नावात क्ले असलं तरी ही माती नाही. पीव्हीसी, त्याला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग, एवढंच. ती हवेत वाळत नाही, भाजल्यावरच घट्ट होते. गणपतीची शाडू हाताळलेली मंडळी सवयीने पाणी लावतात. इथे पाणी लावू नका, थर एकमेकांना धरत नाहीत.

पहिल्या खेपेला लोक दहा-बारा रंग उचलतात. आम्ही दुकानदार असूनही सांगतो, चार घ्या : पांढरा, पिवळा, एक गडद आणि एक आवडीचा. रंगांपेक्षा मऊपणाकडे लक्ष द्या. चारही रंग सारखे मऊ हवेत. एक मऊ आणि दुसरा कडक असला, तर दाबताना मऊ रंग पळतो, कडक तिथेच राहतो आणि फुलाचा चिखल होतो. फार मऊ क्ले साध्या कागदावर थोडा वेळ ठेवा, जादा प्लास्टिसायझर कागद ओढून घेतो. कडक क्ले मळत राहा. मळायला आधी पांढरा घ्या, लाल शेवटी. लाल रंग बोटांना बसतो आणि पांढऱ्यावर उमटतो.

आता पहिलं फूल. आवडीच्या रंगाची कांडी वळा, तिला पांढरी पट्टी गुंडाळा, वर गडद रंगाची पातळ पट्टी. ही रेघ सोडू नका, बारीक झाल्यावर पाकळ्या वेगळ्या दिसतात त्या तिच्यामुळेच. एकूण जाडी 1 सेंमी आणि लांबी 20 सेंमी झाली की 4 सेंमीचे पाच तुकडे करा. मधोमध साधारण 7 मिमी जाडीची पिवळी कांडी, भोवती पाच पाकळ्या. दोन पाकळ्यांमधल्या खाचा पार्श्वभूमीच्या रंगाच्या तिकोनी पट्ट्यांनी भरा. कंटाळा याच कामाचा येतो, आणि फूल बिघडतं तेही इथेच. खाच रिकामी राहिली की दाबताना पाकळी तिच्यात घुसते. मग सगळ्यावर एक पट्टी गुंडाळा. कांडी सुमारे 3 सेंमी जाड होईल.

बारीक करताना लगेच पोळपाटावर लाटू नका, बाहेरचा थर पुढे जातो आणि आतला मागे राहतो. आधी मुठीत धरून मधोमध चारी बाजूंनी दाबा, कंबर आली की टोकांकडे सरका. लाटणं अगदी शेवटी. 3 सेंमीची जाडी 1 सेंमीवर आली की लांबी नऊपट होते, म्हणजे 4 सेंमीची 36. टोकांची दोन-तीन सेंमी वाकडी निघणारच. ती टाकू नका, मण्यांच्या आत भरायला चालतात.

हातांच्या उबेने कांडी मऊ पडते, मे महिन्यात तर विचारूच नका. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग पातळ, लांब ब्लेडने कापा. प्रत्येक कापानंतर कांडी थोडी फिरवा, नाहीतर एक बाजू चपटी होते. चकत्या क्लेच्या गोळीवर लावून तळहातात हलके फिरवा, जोड दिसेनासे होतात. भोक भाजण्याआधीच पाडा.

भाजण्याचं तापमान पाकिटावर लिहिलेलं असतं : फिमो सॉफ्ट या ब्रँडच्या क्लेला 110 अंश सेल्सिअस, 30 मिनिटं, स्कल्पी या ब्रँडला साधारण 130. ओटीजीच्या तापमान लावायच्या चकतीवर भरवसा ठेवू नका. आमच्या पहिल्या ओव्हनची चकती 110 दाखवायची, आत 140 असायचं, आणि पांढरी फुलं चहाच्या रंगाची झाली. आत ठेवायचा थर्मामीटर घ्या. मायक्रोवेव्ह अजिबात नको. क्ले करपली तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो. ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि तिथून बाहेर या. क्लेला लागलेलं लाटणं, सुरी परत स्वयंपाकात नेऊ नका. या क्लेचे खाण्याचे वाडगेही करायचे नाहीत.

नवरात्रात गरब्याला घालायची कानातली हवी असतील, तर भाद्रपदातच सुरुवात करा. पहिली कांडी मनासारखी येत नाही, दुसरी बरी येते. आमच्या रविवारच्या वर्गाला येताना नखं कापून या आणि लोकरीचे किंवा गडद सुती कपडे टाळा, पांढऱ्या क्लेला त्यांचे तंतू लगेच चिकटतात.