बैलगाडीतली आई आणि बाणांचा पाऊस

अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेली आई म्हटलं की एकच चित्र डोळ्यांपुढे येतं: छपराच्या गाडीत पोराला कुशीत घेऊन बसलेली बाई आणि चहूबाजूंनी मूळ रहिवाशांचे बाण. चित्र छान आहे, पण बरंचसं खोटं.

एक तर ती बसलेली नसायची. मिसुरीपासून ऑरेगॉनपर्यंतची सुमारे ३,२०० किलोमीटरची वाट बहुतेक जण चालतच जात. गाडी पीठ, खारवलेलं मांस, अवजारं यांनी भरलेली. शिवाय धक्के असे, की दुधाचं भांडं टांगलं तर संध्याकाळी लोणी निघे! झाडं नसलेल्या माळावर चुलीला रानगव्यांचं वाळलेलं शेण. आपल्या गोवऱ्याच म्हणा ना.

आणि बाण? १८४० ते १८६० या काळात या वाटांवर मूळ रहिवाशांच्या हातून मेलेल्या प्रवाशांची एका इतिहासकाराने केलेली मोजणी ३६२ आहे. प्रवाशांनी मारलेले मूळ रहिवासी ४२६. कित्येकदा तेच लोक नदी पार करून देत, मासे विकत. हजारोंचे बळी घेतले ते पटकी आणि तापाने. अपघातांनीही.

नेओमी सेगरचंच पाहा. १८४४च्या मे अखेरीस वाटेतच तिला सातवं मूल झालं. पुढे नऊ वर्षांच्या कॅथरिनचा पाय गाडीच्या चाकाखाली सापडून मोडला. ऑगस्टमध्ये नवरा तापाने गेला आणि काही आठवड्यांत नेओमीही. चार महिन्यांचंही न झालेलं ते तान्हं बाळ इतर बायकांनी जगवलं.