स्वयंचलित फेलओव्हर (क्लाउड डेटाबेस)

डेटाबेसचा मुख्य सर्व्हर (प्रायमरी) बंद पडल्यावर माणसाने हात न लावता त्याचे काम राखीव सर्व्हरकडे (स्टँडबाय) सोपवण्याची व्यवस्था. क्लाउडमध्ये हे दोन्ही सहसा एकाच प्रदेशातल्या वेगवेगळ्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये, म्हणजे वीज आणि नेटवर्क स्वतंत्र असलेल्या डेटा सेंटरांत असतात.

प्रायमरीवरचे बदल स्टँडबायवर उतरवणे म्हणजे रेप्लिकेशन. सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये स्टँडबायची पोच आल्याखेरीज कमिट (बदल पक्का होणे) पूर्ण होत नाही. डेटा वाचतो, पण प्रत्येक कमिट थोडे रेंगाळते. असिंक्रोनसमध्ये कमिट झटपट होते, मात्र फेलओव्हर झाल्यास वाटेत असलेले लेखन बुडते. दूरच्या प्रदेशातली प्रत बहुधा असिंक्रोनसच असते, त्यामुळे तिकडचे फेलओव्हर माणसाच्या हाती ठेवलेले बरे.

प्रायमरी खरोखर मेला आहे का, हे ठरवणे सर्वांत अवघड. नेटवर्क तुटले की धडधाकट प्रायमरीही बाहेरून मेल्यासारखाच दिसतो. घाईने स्टँडबायला बढती दिली तर दोघेही लेखन घेऊ लागतात आणि डेटाला दोन फाटे फुटतात, हा स्प्लिट-ब्रेन. म्हणून निर्णय बहुमताने घेतात (मत देणारे किमान ३ सदस्य लागतात) आणि जुन्या प्रायमरीचे लेखन आधी तोडतात. पोस्टग्रेस डेटाबेससाठीच्या पॅट्रोनी या फेलओव्हर साधनात नेतेपदाची (प्रायमरी कोण याची) नोंद ईटीसीडीसारख्या सामायिक साठ्यात असते. मूळ सेटिंगनुसार तिची मुदत ३० सेकंद, तपासणी दर १० सेकंदांनी. मुदत वाढवून घेता आली नाही तर प्रायमरी स्वतःच पायउतार होतो. मुदत फार कमी केली, तर नेटवर्कच्या क्षुल्लक अडखळण्यानेही फेलओव्हर होऊ लागतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेच्या नेटवर्कमध्ये ४३ सेकंदांचा खंड पडला. तेवढ्यात तिच्या मायएसक्यूएल डेटाबेसचे प्रायमरी अमेरिकेच्या पूर्वेकडून पश्चिम किनाऱ्यावर गेले, पण पूर्वेकडचे शेवटचे काही लेखन तिकडे पोचलेच नव्हते. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली.

अ‍ॅमेझॉन आरडीएस या डेटाबेस सेवेच्या एकच स्टँडबाय असलेल्या मल्टी-एझेड (एकाहून अधिक झोनच्या) रचनेत फेलओव्हरला साधारण ६० ते १२० सेकंद लागतात. एंडपॉइंटचे (डेटाबेसला जोडण्याच्या ठिकाणाचे) नाव तेच राहते, डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था) त्यामागचा पत्ता बदलतो. त्यानंतरही सेवा बंदच असेल, तर दोष बहुतेक वेळा अ‍ॅप्लिकेशनकडे असतो. जावाने जुना पत्ता धरून ठेवलेला असतो. त्याची डीएनएस कॅशे मुदत (पत्ता लक्षात ठेवण्याचा काळ) ६० सेकंदांपेक्षा जास्त नसावी. कनेक्शन पूलमधली (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) मेलेली कनेक्शने उत्तराची वाट पाहत बसतात, कारण लिनक्समध्ये टीसीपी कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का याची तपासणी) चालू असले तरी पहिली तपासणी मुळात ७,२०० सेकंदांनी होते. ती एका मिनिटाच्या आत आणावी, शिवाय क्वेरीला टाइमआउट (थांबण्याची कमाल मर्यादा) द्यावा. पोस्टग्रेसमध्ये ‘२५००६’ ही एरर दिसू लागली, तर अ‍ॅप्लिकेशन बहुधा फक्त वाचन देणाऱ्या स्टँडबायला लेखन पाठवत आहे.

फेलओव्हरच्या वेळी अर्धवट ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणारे बदल) रद्द होतात. कमिट पाठवल्यावर उत्तराआधीच कनेक्शन तुटले, तर ते झाले की नाही हे क्लायंटला कळत नाही. पुन्हा पाठवताना दुहेरी नोंद टाळायला प्रत्येक विनंतीला स्वतःची युनिक की हवी. पुनर्प्रयत्नांमधले अंतर वाढते आणि थोडे यादृच्छिक ठेवावे, नाहीतर सगळे क्लायंट एकदम नव्या प्रायमरीवर तुटून पडतात. त्याची कॅशेही (मेमरीत हाताशी ठेवलेला डेटा) तेव्हा बरीचशी रिकामी असते.

चाचणीसाठी आरडीएसमध्ये ‘रीबूट विथ फेलओव्हर’ आहे. ती लोड चालू असतानाच करावी आणि वेळ मोजावा तो अ‍ॅप्लिकेशनचे पहिले यशस्वी लेखन होईपर्यंतचा. चुकून दिलेली ‘ड्रॉप टेबल’ (टेबल पुसून टाकणारी) कमांड मात्र स्टँडबायवरही तत्काळ पोचते. तिथे बॅकअपच लागतो.