पेशी चालते, पण पुढची बाजू ठरवतं कोण?

केंद्रक म्हणजे पेशीचा मेंदू, हे शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय. डीएनए तिथे असतो, कुठलं प्रोटीन बनवायचं ते तिथून ठरतं, इथपर्यंत ठीक. पण पेशी सरपटायला लागते तेव्हा पुढची बाजू कुठली नि मागची कुठली हे ठरवायला केंद्रक लागतच नाही, आणि याचा पुरावा भन्नाट आहे.

माशाचं ताजं खवलं काचेवर ठेवलं की त्यावरच्या केराटोसाइट नावाच्या पेशी काचेवर उतरून चालायला लागतात. आकार अर्धचंद्रासारखा, फुगीर कड पुढे, वेग मिनिटाला 10-20 मायक्रोमीटर, म्हणजे तासाला जेमतेम एक मिलिमीटर. या पेशींचे बिनकेंद्रकाचे तुकडेही चालतात. काही तुकडे मात्र गोल होऊन जागच्या जागी बसून राहतात. 1999 मध्ये वेर्खोव्स्की, स्वित्किना आणि बोरिसी यांनी अशा गोल तुकड्याला एका बाजूने ढकलून बघितलं, तर तो अर्धचंद्र झाला आणि चालू पडला, आणि ढकलणं थांबवलं तरी चालतच राहिला! डीएनए नाही, कुणाचा हुकूम नाही, तरी दिशा आहे.

हे कसं होतं? पेशीत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रोटीनचे धागे असतात, ते एका टोकाला वाढतात. पुढच्या कडेला एआरपी 2/3 नावाचं यंत्र जुन्या धाग्याला सुमारे 70 अंशात नवी फांदी फोडतं, अशी दाट जाळी तयार होते आणि तिची वाढती टोकं पटलाला, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणाला, टेकलेली असतात. आता ती पटलाला ढकलतात कशी, तर खरं म्हणजे ढकलत नाहीत, इथेच खरी मजा आहे. उष्णतेमुळे पटल आणि धागे सतत थरथरत असतात, मध्ये क्षणभर फट पडते, तेवढ्यात अ‍ॅक्टिनचा एक कण आत घुसतो, धागा 2.7 नॅनोमीटरने वाढतो आणि पटलाला परत मागे येता येत नाही. पुन्हा फट, पुन्हा कण. (फुकटात नाही हं, एटीपी हे पेशीचं इंधन जळतंच.)

मागे असतं मायोसिन, स्नायू आखडवणारं प्रोटीन तेच. पुढची जाळी मागे सरकते ती मायोसिनलाही मागे नेते, तिथे ते आखडतं, म्हणून मागची कड फुगू शकत नाही, म्हणून पुढची आणखी जोरात वाढते, म्हणून आणखी मायोसिन मागे जातं. गोल तुकड्यात हे सगळीकडे सारखं असतं, धक्क्याने तोल गेला की फरक स्वतःच स्वतःला वाढवत नेतो.

‘पेशींशी सकारात्मक बोला, त्या ऐकतात’ असले व्हिडिओ फिरतात, त्यांना हात जोडून नमस्कार. पेशी ऐकत नाहीत, रेणू हुंगतात. 1950 च्या दशकात डेव्हिड रॉजर्स यांनी टिपलेल्या फिल्ममध्ये न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी लाल पेशींच्या गर्दीतून वाट काढत बॅक्टेरियाचा पाठलाग करताना दिसते. बॅक्टेरियाची प्रोटीनं फॉर्मिल-मेथिओनिन नावाच्या रेणूने सुरू होतात, त्यांचे तुकडे बाहेर झिरपतात आणि पेशीच्या दोन टोकांमध्ये त्यांच्या प्रमाणात एक-दोन टक्के फरक असला तरी तिला दिशा कळते.

गंमत म्हणजे आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे पूर्वजही बॅक्टेरियाच, त्यामुळे त्यांच्या आत बनणारी प्रोटीनंही तशीच सुरू होतात. नुसता मुका मार लागून पेशी फुटल्या की त्यांचे तुकडे बाहेर पडतात, आणि आत एकही जंतू नाही, तरी न्यूट्रोफिल धावत येतात आणि सूज येते.